तक्रार नाही

"डिस्क अर्धी रिकामी आहे, पण तुमच्या मुलीची जन्मनोंद होणार नाही," नगरपंचायतीच्या खोब्रेकरबाई म्हणाल्या. "प्रत्येक फाइलीला एक नंबर लागतो, आणि किती नंबर ते डिस्क बसवली तेव्हाच ठरवलंय. ते संपले."

"एवढे नंबर खाल्ले कुणी?" बर्फीचा पुडा मी टेबलावर आपटलाच.

त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. गावातल्या प्रत्येकाच्या नावाने एक फाइल होती, 'तक्रार नाही'. आत एक अक्षरही नाही.

"रिकाम्या फाइलीलाही नंबर लागतोच हो," बाई बर्फी खात म्हणाल्या. मग दया येऊन त्यांनी माझी फाइल पुसली. तिच्या नंबरावर माझी लेक बसली आणि जन्मदाखला छापून आला.

मी दाराशी पोचतो तोच मुख्याधिकारी साहेब धावत आले. "अहो, सगळ्या गावात तुमचीच 'तक्रार नाही' दिसत नाही! काय तक्रार आहे?"

खरं तर काहीच नव्हती. पण तसं म्हटलं असतं, तर त्याच नंबरावर माझी फाइल परत उघडली असती आणि लेक पुसली गेली असती.

"पाण्याची," दाखला खिशात घालत मी म्हणालो. "तोंडीच घ्या. आणि मी मरेपर्यंत मिटवू नका."