उंबऱ्यावर बसलेली बाई

आग विझली तेव्हा कुठे आनंदा चौकीदार धापा टाकत जिना चढून आला आणि त्याने जाळीच्या गेटचं कुलूप काढलं. तोवर ते काढायची गरजही उरली नव्हती.

आत दहा-बारा बाया खोकत उभ्या होत्या. पांडेसऱ्यातल्या त्या पहिल्या मजल्यावर दिवसभर साड्यांचे सुटे धागे कापायचे आणि टिकल्या चिकटवायच्या, एवढंच काम. पंख्याच्या उघड्या वायरला टेप मिळेना म्हणून कुणीतरी साडीची चिंधी गुंडाळली होती. सुरतेत चिंधी कशालाही चालते, केस बांधायला, तवा उतरवायला, पाळण्याच्या दोरीला. इथे वायर तापली, ती वितळून खालच्या धाग्यांच्या ढिगावर ठिबकली आणि ढीग भपकन पेटला. टिकल्या चिकटवायच्या, चटकन पेटणाऱ्या सोल्युशनचा डबा तिथून हातभर लांब होता. सुषमाने आधी मेन स्विच पाडला, डबा लांब सरकवला, पिण्याचा माठ गोणपाटावर पालथा केला आणि ओलं गोणपाट ढिगावर टाकलं. बाकीच्या बाया गेटकडे धावल्या आणि कुलपापाशी अडल्या. कैच्यांनी गज बडवत राहिल्या. खिडक्यांना जाळ्या होत्या आणि आनंदा किल्ली खिशात घालून नाक्यावर चहाला गेला होता.

मग शेठ आले. त्यांनी आधी साड्यांचे गठ्ठे पाहिले, मग बाया पाहिल्या.

"किसी को लगा नहीं ना? बस, भगवान ने बचा लिया. चलो बेन, काम चालू करो. आनंदा, गेट मार दे."

आनंदाने गेट ओढलं. ते अर्ध्यावर थांबलं. सुषमा उंबऱ्यावर बसली होती. एक पाय आत, एक पाय बाहेर जिन्यावर, मांडीवर साडी, हातात कैची. ती खाली मान घालून धागे कापत होती.

तिची भीती अजून गेली नव्हती, पण राग जास्त होता. मघाशी त्या कुलपाकडे बघताना तिला एकच दिसलं होतं. तिची लेक चंचल शाळेतून आली आहे, खोलीच्या दारात आईची वाट बघत बसली आहे, आणि बसूनच राहिली आहे.

"सुषमाबेन, ये क्या है?" शेठ म्हणाले. "माल बाहर जाता है, इसलिए ताला लगता है. तुम्हारे ऊपर शक नहीं है."

"जाताना झडती घ्या, शेठ. झडतीला बाईमाणूस ठेवा. कुलूप नको."

"अरे, प्लेग में पूरा सूरत भाग गया. अपने यहां किसी को कुछ हुआ?"

"प्लेगात आम्ही पळालो, ते दार उघडं होतं म्हणून."

शेठनी आनंदाकडे पाहिलं. "खींच."

आनंदाने गेटला हात लावला, गजाकडे पाहिलं, तिच्या गुडघ्याकडे पाहिलं. "पाय मध्ये आहे, शेठ," तो म्हणाला आणि हात काढून घेतला.

शेठ सुषमाकडे वळले. "तो कल से मत आना."

"उद्याचं उद्या बघू," सुषमा म्हणाली. "आजच्या साड्या व्हायच्या आहेत अजून."

बाहेर अंधारून येत होतं. सगळ्यांत थोरली धुरपदाबाई आतापर्यंत भिंतीला टेकून उभी होती. आता तिला राहवेना. जवळ येऊन ती हळूच म्हणाली, "ऊठ वं पोरी. दिवाबत्तीनी येळ व्हयनी. आते उंबरावर बठस का कोनी?"

"आग काय येळ देखीसन उनी का, मावशी?"

शेठना अहिराणी कळत नव्हती, पण दिवाबत्ती कळली. तिन्हीसांजेला गेटच्या चौकटीत उदबत्ती खोचल्याशिवाय ते कधी राहत नसत. त्यांचा आवाज जरा खाली आला. "बेन, लक्ष्मी आने का टाइम है. दरवाजे में बैठोगी तो वापस चली जाएगी."

"गेट लावल्यावर ती येते कुठून, शेठ? किल्ली तर आनंदाकडे असते."

मागे कुणीतरी फस्सकन हसलं आणि लगेच तोंडावर पदर घेतला. शेठचा चेहरा उतरला. त्यांनी नेहमीप्रमाणे खिशातून उदबत्ती आणि काडेपेटी काढली.

"काडी ओढू नका," सुषमा म्हणाली. पहिल्यांदाच तिने कैची खाली ठेवली होती. "सोल्युशनचा वास अजून आहे खोलीत."

शेठनी श्वास आत घेतला. वास होता. काडेपेटी परत खिशात गेली.

"मैं चाय पीके आता हूं," ते म्हणाले. "तब तक दरवाजा खाली होना चाहिए. नहीं तो सबका हिसाब कर दूंगा, समझे?" तिच्या पायाला धक्का लागू नये म्हणून अंग चोरून ते जिना उतरले. आनंदा वरच राहिला, कुठे बघावं ते न कळून.

सबका म्हणजे सगळ्यांचं काम सुटणार. एकीने आपली कैची उचलली, परत ठेवली.

धुरपदाबाई आपल्या जागेवर गेली. अर्धी झालेली साडी तिने झटकून खांद्यावर टाकली. तिन्हीसांजेला उंबऱ्यावर ती जन्मात बसली नव्हती, सुनांनाही बसू दिलं नव्हतं. गेटपाशी येऊन ती वाकली. उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला लावला.

"सरक," ती म्हणाली. "माले बी बठू दे."