घरी कोण कोण असतं?

“ही इथंच वॉर्डात कामाला आहे. पुढं डॉक्टर व्हायचंय हिला,” आई मोठ्या डॉक्टरांना कौतुकानं सांगत होती. खाटेवर वडील, आमचे अण्णा, ऑक्सिजनच्या मास्कआडून हसले. मेडिकलला जाण्याआधी चार माणसं बघून घे, म्हणत त्यांनीच मला ही नोकरी धरायला लावली होती.

मी माणसं बघितली, डॉक्टरही बघितले. पेशंटची आशा असली की हे डॉक्टर उभ्यानंच औषधांचं बोलायचे. आशा संपली की स्टूल ओढून बसायचे आणि घरच्यांची चौकशी करायचे.

डॉक्टरांनी स्टूल ओढलं. “ताई, घरी कोण कोण असतं?”

“किती आपुलकीनं विचारतात!” म्हणत आई एकेकाचं नाव सांगू लागली.

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. वॉर्डातलं सगळं मी त्यांना रोज जेवताना सांगायचे.