गाऱ्हाण्यातली नावं

कट्टा गावातले चार मित्र मितेशच्या जुन्या व्हॅनमधून स्पितीला निघाले. हॉटेलं परवडणारी नव्हती, म्हणून तंबू, शेगडी आणि पेजेचे तांदूळ घरूनच भरले. निघण्याआधी मितेशच्या बापाने, सत्यवानने, गावच्या राखणदार देवापुढे गाऱ्हाणं घातलं.

"समर्थ, ओंकार, गुरुप्रसाद, ही लोकांची पोरां माझ्या झिलाच्या भरवशार जातत. त्यांका सुखरूप घराक हाड रे म्हाराजा, मगे तुका नारळ देतलंय."

स्पितीच्या वाटेवर कडा खचला आणि व्हॅन दरीकडे कलंडली. मितेश ब्रेकवर पाय रोवून बसला आणि म्हणाला, "आधी तुमी उतरा." तिघे उतरले.

सुतक फिटल्यावर त्या तिघांच्या आया कबूल केलेले नारळ घेऊन, खाली मान घालून, सत्यवानच्या घरासमोरच्या खळ्यात उभ्या राहिल्या. गाऱ्हाणं ज्याने घातलं, त्यानेच ते फेडायचं असतं. पण सत्यवानचा हात काही पुढे होईना.

"देवान माझा आयकल्यान नाय," तो बायकोला, यशोदेला, म्हणाला.

यशोदेने एक नारळ उचलून त्याच्या हातात ठेवला.

"आयकल्यान," ती म्हणाली. "तुमी नावां तिघांचीच घेतलात."