दुसरा ड्रायव्हर

रस्त्याकडेचा पांढरा पट्टा चाकाखाली आला आणि गाडी घरघरली. तिने हात लांब करून स्टिअरिंग ओढलं. मागचा ट्रक कर्कश हॉर्न देत बाजूने निघून गेला.

"हात काढ," नवरा म्हणाला.

"तुझे डोळे मिटले होते."

"मिटले नव्हते. हात काढ."

सकाळचे साडेनऊ वाजले होते. नवरा काल संध्याकाळपासून चालवत होता. ती मागच्या गादीवर झोप काढून पहाटे पुढे आली, तेव्हापासून "मला दे" म्हणत होती. गादीच्या पलीकडे लाकडी खोक्यात एका यंत्राचं गिअर होतं. ते यंत्र बंद पडल्यामुळे अख्खा कारखाना हात बांधून बसला होता, आणि खोकं दुपारी दोनच्या आत पोचायला हवं होतं. असा तातडीचा माल पोचवायचा, हाच त्यांचा धंदा. सुरू करून तीन आठवडे झाले होते.

पहिल्याच दिवशी माल देणाऱ्या कंपनीच्या ऑफिसातल्या बाईंनी दोघांना समोर बसवून सुनावलं होतं. कुणाला कुठला माल द्यायचा ते त्याच ठरवत. दर अर्ध्या तासाला फोन करून 'कुठवर आलात' विचारायच्या, म्हणून सगळे ड्रायव्हर त्यांना माघारी घड्याळबाई म्हणत. त्यांनी स्वतः नऊ वर्षं नवऱ्याबरोबर गाडी चालवली होती.

"नवरा-बायकोची जोडी दारात दिसली की माझ्या पोटात गोळा येतो," त्या म्हणाल्या होत्या. "एकाने चालवायचं, दुसऱ्याने झोपायचं. दोघं जागे राहिलात तर मला दोन ड्रायव्हर मिळत नाहीत, दोन दमलेली माणसं मिळतात. जमणार नसेल तर आजच गाडी विका."

तिला जमत होतं. लग्नाआधीपासून सहा वर्षं तिने शाळेची व्हॅन चालवली होती, आणि एकाही पोराला कधी खरचटलं नव्हतं. गोदामातली नोकरी सोडून हा धंदा करायची कल्पनाही तिचीच. पण ती चालवायला बसली की नवरा शेजारी काठीसारखा ताठ बसायचा. पायाखाली नसलेला ब्रेक दाबायचा. "हळू. अगं, तो वळतोय. दिसत नाही का?" तीन आठवड्यांत ती चालवत असताना त्याने एकदाही डोळा मिटला नव्हता. मग स्वतःची पाळी आली की तारवटलेल्या डोळ्यांनी चालवायला बसायचा, आणि वर तिलाच बोलायचा.

पुढच्या पंपावर तो तोंड धुवायला उतरला. ती सरकून त्याच्या जागेवर बसली आणि दार ओढून घेतलं.

तो परत आला. खिडकीत उभा राहिला.

"सरक."

"नाही. मागे जाऊन झोपणार असशील तर चल. शेजारी बसून ब्रेक दाबायचे असतील तर इथेच थांब."

"तू मला रस्त्यात सोडणार?"

"तू आत्ता दोघांना रस्त्यात मारणार होतास."

त्याच्या हनुवटीवरून पाणी ठिबकत होतं. तो तिच्याकडे बघत राहिला. असंच, 'हिला काय जमणार' म्हणून, लग्नात त्याचा एक काका बघत होता, आणि त्या नजरेची तिला शिसारी होती.

"जा मग," तो म्हणाला. "बघू कुठवर जातेस."

तिने गाडी काढली. आरशात तो हलला नाही. वळण आलं आणि दिसेनासा झाला.

पहिले दोन-चार मैल ती मनातल्या मनात त्याच्याशी भांडत होती. मग राग स्थिरावला. शेजारची सीट रिकामी होती. कुणी 'हळू' म्हणत नव्हतं. समोरच्या काचेजवळ फोन अडकवला होता, त्याची मात्र धास्ती होती. एरवी घड्याळबाईंना तोच उत्तरं द्यायचा. आता फोन वाजला तर चालवता चालवता काय सांगणार? नवऱ्याला कुठे टाकलं म्हणून सांगणार?

फोन वाजला नाही. दहा वाजून गेले, अकरा झाले. गेल्या तीन आठवड्यांत असं कधी झालं नव्हतं. बारा वाजता तिची खात्री पटली. त्याने पंपावरून ऑफिसात फोन करून सगळं ओकलं असणार. आता हा माल पोचला की पुढचा मिळणार नाही.

दीड वाजता ती कारखान्याच्या फाटकात शिरली. माल उतरवून घेणारा मुकादम गाडीभोवती एक चक्कर मारून आला.

"ड्रायव्हर कुठाय?"

"मीच."

"दोघं येणार म्हणून कळवलं होतं. दुसरा कुठाय?"

"खोकं उतरवून घ्या," ती म्हणाली. "माणसं नंतर मोजा."

त्याने तोंड वाकडं करून सही केली. खोकं आत गेलं. तिने गाडी सावलीत लावली. बोलणी खायचीच आहेत तर आत्ताच खाऊ, म्हणून तिने स्वतःच घड्याळबाईंना फोन लावला.

"पोचलं. एक चाळीसला सही झाली."

"माझ्यावर उपकार झाले," घड्याळबाई कडाडल्या. "पुन्हा तुमच्या मिस्टरांनी माझ्याशी त्या भाषेत बोलायचं नाही. मी कुणाची नोकर नाही."

तिने डोळे मिटले. "काय म्हणाले?"

"गाडीत ती एकटी आहे, फोन घ्यायला कुणी नाही. पोचेपर्यंत तिला एक जरी फोन केलात तर माझ्याशी गाठ आहे, म्हणाले. मला दम देतात."

तिने शेजारच्या रिकाम्या सीटकडे पाहिलं.

"आणखी काही म्हणाले?"

"मी विचारलं, आणि तुम्ही काय करणार तोवर?" घड्याळबाई अजून धुमसतच होत्या. "तर म्हणे, ती चालवतेय ना, मी झोपतो."