साडेसहा वाजले का?

आमच्या वळणावरचे सगळे अपघात तिन्हीसांजेलाच व्हायचे, म्हणून सरपंचबाईंनी गावातली घड्याळं रोज सहावरून थेट आठवर न्यायचा ठराव केला. तिन्हीसांजच रद्द!

त्याच संध्याकाळी माझ्या चहाच्या टपरीसमोर एक धिप्पाड पाहुणा रेड्यावरून उतरला.

“साडेसहा वाजले का हो?”

“आमच्याकडे वाजत नाहीत आता. चहा घ्या.”

ठरावाप्रमाणे मी भिंतीवरच्या घड्याळात सहाचे आठ केले. पाहुणा बघतच राहिला.

तेवढ्यात रोहिदासची फटफटी वळणावर घसरून टेम्पोखाली गेली. रोहिदास मात्र कपडे झटकत उठला.

“काळ आला होता, पण वेळ आली नव्हती!” लोक म्हणाले.

पाहुण्याने कप आपटला. “अहो, मग मी मघापासून तेच तर विचारतोय!”