काळे बांबू

"साहेब, हे काय?"

"बांबू. काळा रंग दिलाय. लांबून मशिनगनच वाटतात."

विमानात शेपटाकडे तोंड करून बसणारा गनर हिंदळेकर वैमानिक चिटणीससाहेबांकडे बघतच राहिला. त्याच्या दोन्ही मशिनगन तीन आठवड्यांपूर्वी दुरुस्तीला गेल्या होत्या. त्या परत मिळाव्यात म्हणून त्याने चार अर्ज केले होते. त्यांचं उत्तर हे आलं होतं.

"आणि जपानी विमान मागे लागलं तर? ढोसू त्याला?"

"नुसते फिरव रे. बस आता, उशीर होतोय."

ब्रह्मदेशाच्या जंगलावर ते मागे लागलंच.

"आलं! वरून येतंय!"

"फिरव!"

"फिरवतोय की!"

हिंदळेकरने दोन्ही बांबू त्या जपानी वैमानिकाच्या तोंडावर रोखले. एवढ्या अंतरावरून त्याने खऱ्या गननी कधीच गोळ्या झाडल्या असत्या. आता तो फक्त शिव्या झाडत होता. एकामागून एक, मराठीत.

जपानी विमान डगमगलं. वळलं. ढगात गेलं.

तळावर उतरताच चिटणीससाहेबांनी त्याला घट्ट मिठी मारली आणि ते धावतच कचेरीत गेले. आज तरी साहेब आपल्या गन मागतील, असं हिंदळेकरला वाटलं.

संध्याकाळी फळ्यावर हुकूम लागला:

बांबूंचा प्रयोग यशस्वी.

सर्व विमानांना बांबू बसवावेत.

दुरुस्त झालेल्या मशिनगन दुसऱ्या तळाला द्याव्यात.

बांबू कसे फिरवावेत, हे इतर गनरना शिकवण्यासाठी गनर हिंदळेकर यांची नेमणूक करण्यात येत आहे.