फळ्यावरची ओळ

किल्ली खिशात असली तरी पोस्टमन स्वतःच्या घरची बेल वाजवायचाच. "टपाऽल!" अशी हाक द्यायचा, आणि आतून मुलगा "काय आणलंत, तुमची पगारवाढ?" म्हणत दार उघडायचा. बापलेकांची जुनी गंमत.

आज दार उघडलं नाही. न्हाणीघरातून मुलाचं बेसूर गाणं ऐकू येत होतं. पिशवीत एकच तपकिरी पाकीट उरलं होतं. मुलगा जायचा त्या विद्यापीठातल्या लष्कराच्या राखीव अधिकारी प्रशिक्षण केंद्राचा शिक्का, आणि पत्ता मुलाच्या हातचा. घरात राहून घरी पत्र? लबाड! त्याने पायरीवरच ते फोडलं.

'प्रिय बाबा, हे पत्र तुमच्या हाती पडेल तेव्हा मी या जगात नसेन. माझी सायकल तुम्ही घ्या. सीट खाली करून घ्या, तुमचा गुडघा दुखतो...'

आत गाणं चालूच होतं, तरी पायरीवरच चपला टाकून तो किल्लीने दार उघडून आत शिरला. त्याने न्हाणीघराच्या दारावर मुठी आपटल्या. "बाहेर ये! आधी बाहेर ये!"

टॉवेल गुंडाळून, मुरगळलेल्या पायाने लंगडत मुलगा आला. बापाने आधी त्याचा ओला दंड घट्ट धरला, मग पत्र पुढे केलं.

मुलाचा चेहरा पडला. "बाबा, हे शिबिराआधी सगळ्यांकडून लिहून घेतात. कपाटात ठेवतात. काही झालंच तर पाठवायचं. कारकुनाने चुकून टपालात टाकलं वाटतं."

"सगळ्यांची पत्रं होती तिथे?"

"बत्तीस जणांची. माझा पाय मुरगळला म्हणून मी घरी. बाकीचे शिबिरात आहेत. फोनही काढून घेतलेत त्यांचे."

तासाभरापूर्वी असंच पाकीट त्याने शिवणकाम करणाऱ्या ताईंच्या हातात दिलं होतं. वर म्हणाला होता, "लेकीचं पत्र! तोंड गोड करा आता."

"केंद्रात फोन लाव. पोस्टातही लाव!" म्हणत तो अनवाणीच धावत सुटला. देवा, ताईंनी वाचलेलं नसू दे.

ताईंचं मशीन बंद होतं. भर दुपारी ते गप्प असलेलं त्याला आठवेना.

ताई खिडकीशी बसल्या होत्या, उघडं पत्र मांडीवर. त्याला पाहून हसल्या.

"देवासारखे आलात, भाऊ! चष्म्याची काडी तुटली. 'प्रिय आई'च्या पुढे गाडीच सरकेना. जन्मात कधी प्रिय म्हणाली नव्हती कार्टी. वाचा बरं."

त्याने कागद घेतला. शब्द न् शब्द तीच ओळ. कुणीतरी फळ्यावर लिहिलेली, बत्तीस पोरांनी मुकाट उतरवून घेतलेली. त्याखाली मात्र पोरीचं स्वतःचं, बारीक अक्षरात, पाठपोट.

पत्र चुकून आलंय, हे सांगायलाच तर आला होता. पण ती ओळ तोंडातून काढायची कशी?

"वाचा ना, भाऊ."

त्याने घसा खाकरला. "प्रिय आई... मी मजेत आहे. शनिवारी घरी येते."

"आणि?"

"एवढंच."

ताईंनी कागद परत घेतला. उजेडाला धरला. उलटून पाहिला.

"एवढंच सांगायला दोन्ही बाजू भरल्या?"

मग त्यांची नजर त्याच्या अनवाणी, धुळीने माखलेल्या पायांवर गेली. हसू अजून ओठांवर तसंच होतं.